वाटीखालचं टेंगूळ आणि आठवड्याचे २० तास

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सीनियर मॅचेस रंगात आलेल्या असतात ना, त्या दिवसांतली गोष्ट. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. १३ वर्षांचं एक पोरगं आईबरोबर क्लिनिकमधे आलं. आमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर मी निम्मी तपासणी जिन्यावरच करते. हे पोरगं वर येताना सरळ आलं, पण जाताना डावा पाय आखडून कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतं. नाव लिहीत नाही, दोनचार तपशील बदललेत, घरच्यांना विचारूनच लिहितेय. क्लिनिकमधे आम्ही त्याला बारक्या म्हणायचो, इथंही तेच म्हणू.

खुर्चीत बसायच्या आधी त्याचं पहिलं वाक्य, "मॅडम, खेळू नको म्हणू नका, बाकी काय बी सांगा."

कोल्हापूरबाहेरच्यांना हे वाक्य कदाचित लाडात आलेल्या पोराचं वाटेल, तसं नाहीये. इथं पेठेत फुटबॉल म्हंजे घरचं कार्य असतं. जिथं पैलवान घडायचे त्या तालमींच्याच नावानं इथं फुटबॉलच्या टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि मॅच असली की घरातल्या बायकासुद्धा विचारतात काय झालं. बारक्याचे आजोबा तालमीकडून खेळलेले, चुलता आत्ता आत्तापर्यंत खेळत होता. त्यात २०१७ ला भारतात अंडर-१७ वर्ल्ड कप झाला, त्या टीममधे कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हापासून तर प्रत्येक गल्लीत एक बाप असा आहे ज्याला वाटतं की आपलं पोरगंपण जाऊ शकतं. वाटू दे की, वाटण्यात वाईट काही नाही. फक्त त्या वाटण्याचं वजन कुठल्या हाडावर पडतं ते बघायला पाहिजे, आणि या केसमधे ते अगदी बोट ठेवून दाखवता येत होतं.

तर हिस्ट्री. डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथं, साधारण दिवाळीपासून दुखत होतं. आधी फक्त मॅचनंतर, मग प्रॅक्टिसला सुरुवातीलाच, मधे अंग गरम झालं की जरा कमी, रात्री परत ठणका. पडला नव्हता, कुणी लाथ मारली नव्हती. घरी विचारलं तर त्यानं "लागलंय" एवढंच सांगितलेलं, कारण लागणं हे खेळाडूला शोभतं, नुसतं दुखणं नाही शोभत. आजीनं हळद-तेल लावून जोरात चोळलं, त्यानं जास्तच सुजलं. मग ओळखीच्या हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं "शीर सरकलीय" म्हणून ओढून घट्ट पट्टी बांधली. मग स्प्रे. स्प्रे मारला की दहा मिनिटं बधिर, पोरगं खूश, परत पळायला मोकळं.

तपासलं तेव्हा वाटीच्या खाली सुपारीएवढं टेंगूळ, बोट लावलं की पोरगं टेबलावरून उठलंच. सांध्यात पाणी नाही, गुडघा पूर्ण वाकतोय, पूर्ण सरळ होतोय, लिगामेंट सगळे घट्ट. पाय सरळ करायला सांगून वरून हातानं विरोध केला की बरोब्बर त्याच जागी दुखायचं. पालथं झोपवून टाच कुल्ल्याकडं न्यायला गेले तर दोन्हीकडं मांडीचा पुढचा स्नायू वायरसारखा ताणलेला, डाव्या बाजूला टाच वीतभर लांबच राहिली. देव्हाऱ्यापुढं गुडघे टेकून बसता येत नाही असं आई म्हणाली, आणि हे लक्षण मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त सांगून गेलं.

खुबा पण तपासला. आई म्हणाली अहो गुडघा दुखतोय. पण वाढत्या वयाच्या पोरांत खुब्याच्या हाडाचा गोळा जागेवरून घसरण्याचा एक आजार असतो, त्यात दुखतं बऱ्याचदा मांडीत नाहीतर गुडघ्यात, आणि खुब्याकडं कुणी बघितलंच नाही तर पोराचा पाय आयुष्यभरासाठी बिघडू शकतो. म्हणून १०-१५ वर्षांचं पोर गुडघा धरून आलं की खुबा फिरवून बघायचाच. याचा व्यवस्थित फिरत होता. झोपेतून उठवणारं दुखणं नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. बरं वाटलं.

निदान तसं सोपं होतं, ऑसगूड-श्लॅटर. १९०३ साली बॉस्टनचे ऑसगूड आणि झुरिकचे श्लॅटर या दोघांनी वेगवेगळं लिहिलं म्हणून दोघांची नावं जोडली गेली. नाव ऐकून आई घाबरली, तिला वाटलं काहीतरी मोठा रोग. म्हणून कागदावर काढून दाखवलं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीला धरतो, वाटीपासून खाली जाड दोरीसारखा टेंडन जातो आणि नडगीच्या वरच्या टोकाला रुततो. मोठ्या माणसात तिथं पक्कं हाड असतं. १२-१४ च्या पोरात तिथं अजून कूर्चा असते, अर्धी कच्ची, जणू ओल्या सिमेंटमधे हूक बसवलाय. पळताना, उडी मारून खाली येताना, किक मारताना तो हूक ओढला जातो. एकदा ओढला तर काही होत नाही, हजारदा ओढला आणि मधे सुकायला वेळच दिला नाही की तिथं सूज येते, शरीर तिथं जास्तीचं हाड घालतं, टेंगूळ येतं.

डावाच का, पोरगं तर उजव्या पायानं मारतंय? अहो किक मारताना अख्खं अंग कुठल्या पायावर उभं असतं ते बघा. डावा रोवतो, गुडघा थोडा वाकतो, सगळा ब्रेक तिथंच लागतो.

वडील दुसऱ्या दिवशी एकटे आले, एमआरआय करूया म्हणाले, पैशाची काळजी करू नका. मी हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी एक साधा एक्स-रे काढला, म्हणाले एमआरआयची गरज नाही. पण एक्स-रेमधे त्या जागी हाडाचे दोन बारीक कण सुटे दिसत होते, ते बघून वडिलांनी गल्लीत सांगितलं की हाडाचा तुकडा पडलाय, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी की पोराचा पाय मोडला. या आजारात असे कण दिसतातच, ते मोडलेलं हाड नव्हे. खरी इमर्जन्सी वेगळी असते, उडी मारताना कट्कन आवाज येऊन पोर जागेवर बसलं, गुडघा सरळच करता येईना, भरभर सुजला, तर तो हूक उपटून निघालेला असू शकतो आणि तेव्हा थेट हॉस्पिटल, चोळत बसायचं नाही.

आता माझी चूक.

मी विचारलं, "दिवसाला किती खेळतोस?" तो म्हणाला, "दीड तास." आईनं मान डोलावली. मी लिहिलं दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हंजे नऊ, ठीक आहे, जरा कमी करू. सांगितलं की दोन आठवडे प्रॅक्टिस निम्मी कर, उड्या बंद, बर्फ लाव, वाटीखाली बांधायचा पट्टा घे, आणि मांडीचे तीन व्यायाम रोज. पोरानं सगळं मान्य केलं. इतक्या पटकन मान्य केलं की तिथंच मला शंका यायला पाहिजे होती, पण बाहेर सहा पेशंट बसलेले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत आलं, जास्त लंगडत. आई माझ्यावर थोडी चिडलेली, बरोबरच होतं. मी विचारलं व्यायाम केलेस का, केले होते, मनापासून केले होते. प्रॅक्टिस निम्मी केलीस का, केली होती, शाळेची. "शाळेची म्हंजे?" मी विचारलं. मग हळूहळू एकेक पान उलगडत गेलं.

आईला म्हटलं भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणा. तिनं आणलं, त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची तारीख. त्याच चौकोनात आम्ही तिघांनी बसून पोराचा मागचा आठवडा लिहिला. शाळेची टीम, सोमवार ते शुक्रवार सकाळी दीड तास, झाले साडेसात. अकॅडमी, सोमवार बुधवार शुक्रवार संध्याकाळी दीड तास, साडेचार. मंगळवार गुरुवार तालमीतल्या बारक्या पोरांची प्रॅक्टिस एकेक तास, दोन. शनिवारी कुठली ना कुठली मॅच, एक. रविवारी चुलतभावांबरोबर टर्फ बुक केलेलं, दोन तास, पैसे भरलेत तर पुरेपूर खेळायचं. आणि रात्री जेवल्यावर गल्लीत अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, तीन. बेरीज केली, २०. आई काही बोलली नाही, परत एकदा बोटावर मोजलं तिनं, परत २०च.

गंमत बघा, कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. पोरगं म्हणालं दीड तास, ते शाळेचं होतं, कारण त्याच्या डोक्यात 'प्रॅक्टिस' म्हंजे शाळेची, तालीम म्हंजे तालीम, आणि गल्लीतलं तर खेळणं, ते कोण मोजतं. शाळेच्या सरांना अकॅडमी माहिती होती पण तालीम नाही. अकॅडमीच्या कोचला वाटायचं शाळेत आठवड्याला एक पीटीचा तास असेल. तालमीतल्या दादांना सगळं माहिती होतं, पण त्यांच्या मते आम्ही काय कमी खेळलो का. प्रत्येकाकडं स्वतःचं टाइमटेबल होतं आणि ते वाजवीच होतं. पोराचं टाइमटेबल कुणाकडंच नव्हतं.

शिकागोच्या डॉक्टरांनी बाराशेच्या आसपास तरुण खेळाडूंचा एक अभ्यास केलेला आहे, त्यातून दोन साधी मापं निघाली. पोराच्या वयाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचे खेळाचे तास जास्त झाले की अतिवापराच्या मोठ्या दुखापतींचा धोका वाढतो. आणि शिस्तीतला, कोचच्या शिट्टीवरचा खेळ हा मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा जास्त झाला की पण वाढतो. बारक्याचं वय १३. गल्ली आणि टर्फ सोडून दिलं तरी शिट्टीवरचे तास १५, मोकळे ५, म्हंजे दोन्ही मापांत नापास. हे काही दगडावरची रेघ नाही, १४ तास खेळणारी ठणठणीत पोरं पण असतात, पण मोजायला सुरुवात करायला बरं माप आहे.

अजून एक गोष्ट दाराच्या चौकटीवर होती. वडील पोराची उंची पेन्सिलनं चौकटीवर मारायचे, फोटो काढून पाठवायला सांगितला. जूनमधे शाळा उघडताना १४८ सेंटिमीटर, डिसेंबर संपताना १५३.५. सहा महिन्यांत साडेपाच, वर्षाचा वेग धरला तर ११. मुलं वाढीच्या ऐन भरात असतात तेव्हा वर्षाला ९-१० सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, म्हंजे हे पोरगं अगदी शिखरावर होतं. आई म्हणाली तरीच, बूट दिवाळीत घेतले ते संक्रांतीला बसेनात. पाऊल आधी वाढतं, मग नडगी-मांडीची हाडं, सगळ्यात शेवटी धड. हाड लांब होतं आणि त्याला धरलेला स्नायू मागं राहतो, तो ताणलेल्या वायरसारखा का लागला होता ते आता कळलं. याच महिन्यांत पोरं अचानक धडपडायला लागतात, पास चुकवतात, कोच ओरडतात की लक्ष नाही. लक्ष असतं हो, पाय नवीन असतात.

आणि बैठका. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. तालमीत उशिरा आलं की शिक्षा १०० बैठका, मॅच हरली की मैदानभर बेडूकउड्या. अकॅडमीतून धावत तालमीत येणारं पोरगं उशिराच येणार, म्हंजे शिक्षा पण ठरलेलीच. पैलवानाची बैठक ही थोर गोष्ट आहे, माझे आजोबापण मारायचे, पण पक्क्या हाडाच्या माणसानं हळूहळू वाढवत नेलेली बैठक वेगळी आणि दुखऱ्या हुकावर सुजलेल्या पायानं रागाच्या भरात मारलेल्या १०० वेगळ्या. कुणाला दुष्टपणा करायचा नव्हता. दादांना ते शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलेलं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा एका पेशंटसाठी पंचायत भरवली. शाळेचे सर, अकॅडमीचा कोच, तालमीतले दादा, वडील आणि चुलता, एका रविवारी सकाळी क्लिनिकमधे. कालनिर्णयचं पान टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता चहा दिला. अकॅडमीच्या कोचनं आधी वाचलं, म्हणाला, "हे सगळं हा एकटा खेळतोय?" शाळेचे सर गप्प झाले. दादा म्हणाले, "मॅडम, आमच्या वेळी तर..." आणि चुलत्यानंच त्यांना थांबवलं, स्वतःची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही वाटींखाली टेंगळं. "मला पण होतं हे," म्हणाला, "दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही." त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

प्लॅन ठरवताना मी डेन्मार्कमधल्या फिजिओंनी वापरलेली पद्धत धरली, थोडी आपल्याकडं बसेल अशी करून. त्यांनी १० ते १४ वयाच्या ५१ मुलामुलींना १२ आठवडे असं सांभाळलं होतं, आधी चार आठवडे दुखवणारा खेळ बंद आणि हलके स्थिर व्यायाम, मग मांडीची ताकद वाढवणं आणि पायरी-पायरीनं मैदानावर परत. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी आता बरंच बरंय असं सांगितलं. पण, आणि हे मी वडिलांना दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा खेळात परतलेली फक्त १६ टक्केच होती, वर्षभरानं ६९. म्हंजे दुखायचं थांबणं आणि मॅच खेळणं यांच्यामधे बरेच महिने असतात. हे आधी सांगितलं नाही की आठव्या आठवड्यात बाप म्हणतो आता तर दुखत नाही, मग सोडा की.

पहिले चार आठवडे, पळणं-उड्या-किक बंद. पूर्ण अंथरुणात नाही, सायकल चालव, पोहायला जा, आणि मैदानावर जा पण गोलकीपरच्या मागं उभं राहून बॉल आणून दे. हे शेवटचं मुद्दाम ठेवलं. टीमपासून तोडलेलं पोर चोरून खेळतं. व्यायाम, पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरायची आणि पाठीवर झोपून कंबर उचलून धरायची, दिवसातून दोनदा. मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, दुखत नाही तिथपर्यंतच, मग लंजेस, म्हंजे एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवणं. दुखणं मोजायला सिग्नल, दहापैकी शून्य ते दोन हिरवा, चालू ठेव, तीन ते पाच पिवळा, वाढवू नको, सहा आणि त्याच्या वर लाल, थांब, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना परत मोजायचं. दुसऱ्या दिवशीची सकाळ महत्त्वाची, मैदानावर सगळ्यांचाच सिग्नल हिरवा असतो.

पट्टा ठेवला, थोडा उपयोग होतो. चोळणं बंद. इंजेक्शन मारून घेऊ का असं चुलत्यानं विचारलं, मी आणि डॉक्टर दोघंही नको म्हणालो, वाढत्या टेंडनमधे स्टेरॉईड टोचायचं काही कारण नव्हतं.

तीन आठवडे सुरेख गेले. चौथ्यात तालमीची बारक्या पोरांची स्पर्धा होती, सेमीफायनल, आणि दोन पोरं तापानं आजारी. शेवटची दहा मिनिटं बारक्याला उतरवलं. नंतर कळलं की सकाळी त्यानं मेडिकलमधून स्वतःच दुखण्याची गोळी घेऊन खाल्ली होती, म्हंजे दादांनी विचारलं दुखतंय का तर तो खरंच नाही म्हणाला. गोल मात्र झाला त्याच्या पासवर. मला व्हिडिओ पाठवला होता, पाहिला, पास छानच होता. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठ. दोन आठवडे मागं गेलो.

मला राग आला होता, पण पोरावर येईना. १३ वर्षांच्या पोराला पेठेनं बोलावलं आणि ते नाही म्हणालं असं या गावात कुठं घडलंय. गोळीचं मात्र घरात नीट सांगितलं, दुखणं हा त्या पोराकडं असलेला एकमेव मीटर आहे, तोच काढून टाकला तर मोजायचं कशानं. दादांनी स्वतःहून एक केलं, त्या दिवसापासून तालमीत शिक्षेच्या बैठका बंद करून शिक्षा म्हणून बॉल धुवायला लावले. पोरांचं म्हणणं बैठका बऱ्या होत्या.

एप्रिलअखेर पळायला लागला, सरळ रेषेत, मऊ मैदानावर, एक दिवसाआड. मे महिन्यात पासिंग, मग वळणं, मग किक पण निम्म्या जोरानं. कॅल्क्युलेटरवर तास मोजायची ड्यूटी त्यालाच दिली आणि तो इमानदारीनं करायला लागला, गल्लीतली दहा मिनिटंपण लिहायचा. अकॅडमी तीन दिवस, शाळा दोन, तालीम एक, एक दिवस पूर्ण सुट्टी. एकूण ११ च्या आसपास. गल्ली मी काढली नाही. शिट्टीशिवायचा खेळ तेवढाच उरला होता त्याच्याकडं. पहिली पूर्ण मॅच जूनच्या शेवटी, पावसात. गांधी मैदानात त्या दिवसांत तळं झालेलं असतं, म्हणून दुसरीकडं. दोन्ही हाफ खेळला, दुसऱ्या दिवशी जिना, एक.

शाळेच्या सरांनी मधल्या काळात एक वेगळंच केलं, ते मला लिहायला आवडेल. त्यांचा वॉर्मअप म्हंजे मैदानाला दोन चकरा आणि उभ्यानं ताणणं, जसा सगळीकडं असतो. त्यांनी विचारलं बाकीच्या पोरांसाठी काय करू. फिफाचा एक वॉर्मअप आहे, इलेव्हन प्लस, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, आणि १४ च्या आतल्यांसाठी त्याचीच छोटी आवृत्ती, किड्स, सात व्यायामांची. एका पायावर तोल धरून बॉल पास करणं, उडी मारून गुडघा आत न पाडता खाली येणं, नीट कसं पडायचं, प्लँक म्हंजे कोपरांवर अंग सरळ तोलून धरणं, असं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर मोठा प्रयोग झाला २००८ ला, दुखापती एक तृतीयांशाच्या आसपास कमी झाल्या. किड्सचा प्रयोग स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक देशात मिळून पावणेचार हजारांवर मुलांवर झाला, तिथं जवळपास निम्म्यानं. मी सरांना हेपण स्पष्ट सांगितलं की यानं बारक्याचा आजार टळला असता असं नाही, हा वॉर्मअप मुख्यतः पाय मुरगळणं, गुडघा फिरणं असल्या गोष्टींवर काम करतो, २० तासांवर त्याच्याकडं काही औषध नाही. आणि आठवड्यातून किमान दोनदा केला तरच. एकदा दाखवून फोटो काढून सोडून दिला तर मैदानाच्या दोन चकराच बऱ्या.

सर करतायत. पहिल्या महिन्यात पोरं हसायची, एका पायावर उभं राहताना पडायची. सातवी-आठवीतली उंच वाढलेली पोरं सगळ्यात जास्त पडायची, ते बघून सरांनी स्वतःच चौकटीची आयडिया उचलली, दर तीन महिन्यांनी अख्ख्या टीमची उंची मोजतात. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढलेल्या पोराला त्या महिन्यात उड्या आणि डबल मॅच कमी. यंत्र नाही, खर्च नाही, एक टेप आणि एक वही. मला विचाराल तर या सगळ्या केसमधून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि ती माझी नाही.

माझं म्हणाल तर आता मी "दिवसाला किती खेळतोस" हा प्रश्न विचारतच नाही. मागच्या सोमवारपासून सुरू करायचं, सकाळी उठल्यावर कुठं गेलास, मग, मग, जेवल्यावर? आणि शिक्षा काय असते तेपण विचारते. पंधरा मिनिटं जास्त जातात, बाहेरचे पेशंट कुरकुरतात.

बारक्या आता १४ चा आहे, चौकटीवर शेवटची खूण १६२. टेंगूळ तसंच आहे, हाडाचं झालंय, ते राहणारच, चुलत्याचं राहिलंय तसं. दुखत नाही, फक्त कठीण फरशीवर गुडघा टेकला की टोचतं, म्हणून देव्हाऱ्यापुढं उशी घेऊन बसतो आणि आजी त्यावरून रोज टोमणा मारते. पंचायतीनंतर एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, तिन्ही कोच, वडील, चुलता आणि मी, त्यावर बारक्या दर रविवारी आठवड्याचे तास टाकतो. नव्या सीझनच्या तोंडावर दादांनी तालमीच्या ठरलेल्या एका दिवसाबरोबर शनिवार पण मागितला, अकॅडमीच्या कोचनं नुसताच १४ चा आकडा टाकला, दादा ग्रुपमधून बाहेर पडले. दोन दिवसांनी चुलत्यानं त्यांना परत ॲड केलं. शनिवारचं अजून ठरलेलं नाही.